मान वळवली की हँडलही वळतं? सायकलवरची सात कौशल्यं, योग्य क्रमाने

रविवारी पहाटे गोव्यात, पणजीच्या मिरामारहून दोनापावलाकडे निघालेल्या सायकली पाहा. सायकली लाखाच्या, पाय दमदार, आणि मागून बस येतेय का हे बघायला मान वळवली की सायकल हातभर रस्त्याच्या मध्ये. याच मंडळींना काय शिकायचंय म्हणून विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: हात सोडून चालवायचं, सिग्नलला पाय न टेकता उभं राहायचं, खड्ड्यावरून सायकल उचलायची. रेषा न सोडता मागे बघायला शिकायचंय, असं कुणी म्हणत नाही.

गाडी इथेच अडते. ही सगळी कौशल्यं एकमेकांवर उभी आहेत. ज्याला हळू चालवता येत नाही त्याला एका हाताने चालवता येत नाही, आणि एका हाताने न जमणाऱ्याला मागे बघता येत नाही. म्हणून खालचा क्रम बदलू नका. कंटाळवाणा वाटला तरी पहिला टप्पा गाळू नका.

तयारी: जागा आणि वेळ

गावातलं फुटबॉलचं मैदान सगळ्यांत बरं. गवतावर पडलात तर कपडे मळतात, कातडी शाबूत राहते. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, तेव्हा देवळासमोरचं किंवा चर्चसमोरचं मोकळं फरसबंद आवार चालेल, पण आधी विचारा आणि शेवाळ बघा. ब्रेक आणि वळणं यांना डांबर लागतं. त्यासाठी ताळगाव पठारावरचे विद्यापीठाच्या आसपासचे रुंद रस्ते सकाळी लवकर, किंवा फेरीबोटीने पलीकडे जाऊन दिवाडी बेटावरचे रस्ते. हायवेवर सराव करायचा नाही, रविवारीसुद्धा नाही.

सराव फिरून आल्यावर नको, निघण्याआधी करा. थकलेल्या हाताला नवीन काही शिकवता येत नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

तयारी: सायकल

सगळ्यांत आधी, कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे ते बघा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा आणि डाव्या हाताला मागचा असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींना उलट असतं. पुढचं चाक उचलून फिरवा आणि एकेक लिव्हर दाबून खात्री करा. दुसऱ्याची सायकल घेतली तर दर वेळी.

मग लिव्हर पूर्ण दाबा. ती हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोडल्यावर लिव्हर रेंगाळत परत येत असेल तर केबल आतून गंजली आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या सायकलींत हे हमखास सापडतं, आणि वरून सायकल चकचकीत असते.

टायरच्या बाजूला छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. उलट ओल्या रस्त्यावर थोडी कमी हवा जास्त पकड देते.

सीट सरावापुरती दोन बोटं खाली घ्या. बूट अडकवायची पेडलं असतील तर काढून साधी लावा. चप्पल नको. हेल्मेट कपाळावर, भुवईच्या दोन बोटं वर; मागे सरकवलेलं हेल्मेट तोंडावर पडल्यावर काही कामाचं नसतं.

टप्पा १: जमेल तितकं हळू

१. मैदानात दहा मीटरची सरळ रेष आखा. चुना नसेल तर पायाने ओढा.

२. सर्वांत हलक्या गियरवर या. मागचा ब्रेक दोन बोटांनी अगदी हलका धरून ठेवा आणि त्याच्याविरुद्ध पेडल मारत राहा. ब्रेक आणि पेडल एकाच वेळी वापरायचं हे विचित्र वाटतं, पण हळू जाण्याचं सगळं गमक त्यातच आहे.

३. नजर पाच-सहा मीटर पुढे. पुढच्या चाकाकडे पाहिलं की तोल गेलाच.

४. जमलं की दोन बाटल्या ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढा. बाटल्या हळूहळू जवळ आणा.

नेहमीची चूक म्हणजे हँडल आवळणं. हाताची बोटं पांढरी पडली असतील तर खांदे कानाला लागलेले असणार, आणि मग हँडलची प्रत्येक बारीक दुरुस्ती मोठी होऊन बसते.

हे कसं दिसतं ते बघायचं असेल तर सकाळी पदेर (सायकलवरचा पाववाला) दारात येतो तेव्हा त्याच्याकडे बघा. कॅरिअरवर पावांची भरलेली टोपली, एक हात हॉर्नच्या रबरी फुग्यावर, गल्ली जेमतेम सायकलीएवढी, आणि दोन घरांच्या मध्ये त्याचा पाय जमिनीला लागत नाही. त्याचे कोपर बघा, किती सैल असतात ते.

तपासा: दहा मीटरची रेष पाय न टेकता आठ-दहा सेकंदांत पार करता आली की पुढे जा. त्याहून लवकर झाली तर तुम्ही घाई केलीत.

टप्पा २: ब्रेक, विशेषतः पुढचा

इथे सगळ्यांत जास्त वेळ घालवा. पुढचा ब्रेक मारला की माणूस हँडलवरून उडतो, हे लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्यामुळे अर्धे लोक आयुष्यभर फक्त मागचा वापरतात. ब्रेक लागला की अंगाचं वजन पुढे सरकतं. मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं, पुढचं रस्त्यावर दाबलं जातं. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. फक्त मागच्यावर थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल कोरड्या सपाट डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर तीन-साडेतीन मीटरमध्ये थांबते. ताशी ४० ला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतं. शिवाय कुत्रं दिसल्यापासून बोट हलेपर्यंतचा एक सेकंद धरा, त्यात ताशी ४० ने तुम्ही ११ मीटर पुढे गेलेले असता.

१. ताशी १२-१५ ने सरळ या. दोन्ही पेडलं आडवी, बूड सीटवरून किंचित उचललेलं.

२. आधी फक्त मागचा ब्रेक जोरात लावा. टायर खरवडत जाईल. सोडला की सायकल सरळ होते. घसरणं आणि सावरणं कसं असतं ते अंगाला कळू द्या.

३. आता फक्त पुढचा, एका बोटाने, अगदी हलका. जोर हळूहळू वाढवा. लिंबू पिळताना बी पडू नये म्हणून हात सांभाळतो, तसा.

४. मग दोन्ही एकत्र. जोर वाढवताना बूड मागे आणि खाली न्या, टाचा खाली, हात हँडलवर रेटलेले. वजन मागे नेल्याशिवाय जोरात पुढचा ब्रेक लावायचा नाही.

५. मागचं चाक हलकं झाल्यासारखं वाटलं की पुढचा थोडा सैल करा. ही मर्यादा ओळखता आली पाहिजे, आणि ती सराव करूनच ओळखता येते.

सावधान: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक जोरात नको. वाळूवर, खडीवर, तांबड्या चिखलावरही नको. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर कडेला वाऱ्याने आलेली वाळू असते, आणि ती सावलीत दिसत नाही.

पावसात रिमवर घासणारे ब्रेक असतील तर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते. म्हणून थांबायच्या बरंच आधी हलका ब्रेक लावून रिम पुसून घ्यायची सवय ठेवा. डिस्क ब्रेकवाल्यांना हा त्रास कमी, पण टायर त्यांचाही तोच ओल्या रस्त्यावर असतो. आणि पहिल्या पावसाचे दोन-चार दिवस जूनमधल्या बाकी पावसापेक्षा वाईट: रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं.

तपासा: ठरवलेल्या रेषेवर पुढचं चाक थांबलं पाहिजे, न घसरता, दहापैकी आठ वेळा.

टप्पा ३: एक हात

हा टप्पा छोटा आहे. हँडलवरचा हात मधल्या दांड्याजवळ आणा. टोकाला धरलेलं हँडल एका हाताने ओढलं जातं, मध्याजवळ धरलेलं कमी. दुसरा हात आधी फक्त दोन सेकंद मांडीवर ठेवा. मग पाच. मग बाजूला लांब करा.

आधी उजवा हात सोडायला शिका. उजवीकडे वळताना इशारा त्याच हाताने द्यायचा असतो, आणि हँडलवर राहिलेल्या डाव्या हाताकडे मागचा ब्रेक असतो, जो एका हाताने लावणं त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. ज्यांच्या सायकलीला डावीकडे पुढचा ब्रेक आहे त्यांनी इशारा देताना तो जोरात लावायचा नाही हे पक्कं ठरवून टाका, किंवा केबल बदलून घ्या.

इशारा वळणाआधी द्यायचा. वळताना दोन्ही हात हँडलवर हवेत. हात पसरूनच वळणारे सायकलस्वार पणजीत रोज दिसतात.

बाटलीतून पाणी पिणं हेच आहे, फक्त नजर खाली न नेता बाटली काढायची आणि परत बसवायची. आयर्नमॅन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं शर्यतीची तयारी करणाऱ्यांना ९० किलोमीटर सायकल असते. त्यांनी हे घरी उभ्या सायकलवर डोळे मिटून करून बघावं. पिताना मान मागे टाकू नका. बाटली तिरकी करा, रस्ता दिसत राहतो.

टप्पा ४: मागे बघणं

आपण डावीकडून चालवतो, म्हणून बघायचं उजव्या खांद्यावरून. मान उजवीकडे वळली की उजवा खांदा मागे जातो, हात हँडल ओढतो आणि सायकल रहदारीत शिरते. नेमकी जिथून गाडी येतेय तिकडे. आरसा लावून हे टाळता येतं असं अनेकांना वाटतं. आरसा जरूर लावा. पण त्यात अगदी शेजारी आलेली स्कूटर दिसत नाही.

१. मैदानातल्या रेषेवर ताशी १५ ने या. पेडल मारणं चालू ठेवा. थांबलात की सायकल डगमगते.

२. उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवा. आता खांदा मोकळा आहे, तो कितीही मागे गेला तरी हँडल ओढलं जाणार नाही.

३. हनुवटी खांद्याकडे न्या. धड फिरवू नका.

४. क्षणभर बघा, परत पुढे. एकदा लांब बघण्यापेक्षा दोनदा थोडं बघा.

५. मित्राला मागे उभं करा. त्याने बोटं दाखवायची, तुम्ही किती ते सांगायचं. बोटं न मोजता नुसती मान हलवणारे इथे लगेच सापडतात.

६. हे बसलं की दोन्ही हात हँडलवर ठेवून करा, डावा कोपर थोडा वाकवून.

रस्त्यावर क्रम असा: बघा, इशारा द्या, पुन्हा बघा, मग सरका. दुसऱ्यांदा बघणं गाळू नका. विशेषतः कळंगुट-बागा पट्ट्यात, जिथे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर मोबाइलवरचा नकाशा सांगेल त्या क्षणी वळते. तिच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवू नका, नसण्यावर तर नाहीच.

तपासा: रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभरापेक्षा जास्त न सरकता बोटं बरोबर सांगता आली पाहिजेत.

टप्पा ५: वळण आणि उतार

वेगातली सायकल हँडल फिरवून वळत नाही, झुकून वळते. उजवीकडे झुकवायची तर उजव्या हाताने हँडल हलकंच पुढे ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी २० ने जाताना नखभर ढकलून बघा, सायकल त्याच बाजूला कलते.

१. वेग वळणाआधी कमी करा, ब्रेक सरळ असतानाच संपवा.

२. बाहेरचं पेडल खाली आणि त्यावर वजन. आतलं वर. आतलं पेडल रस्त्याला घासून पडणं हा अगदी टाळता येण्यासारखा अपघात आहे.

३. नजर वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल.

४. आतल्या हाताने हलका रेटा. बाहेर पडताना सायकल सरळ करा, मगच पेडल.

व्हिडिओत शर्यतवाले पूर्ण रुंदी वापरून, बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर असं वळण घेतात. त्यांचा रस्ता बंद असतो. आपल्याकडे गावातली वळणं चिऱ्यांच्या भिंतींमधून जातात, पलीकडचं काही दिसत नाही, आणि मध्येच रस्त्याला लागून खुरीस (क्रूस) किंवा तुळशीवृंदावन असतं. तुमचा रस्ता म्हणजे डावी अर्धी बाजू, तेवढ्यातच खेळा. डावीकडच्या आंधळ्या वळणाला भिंतीला चिकटून शिरू नका; आपल्या अर्ध्या भागातच थोडं उजवीकडे राहिलात तर लवकर दिसतं आणि तुम्हीही लवकर दिसता. उजवीकडच्या वळणाला मात्र डावीकडेच राहा, आतून कापू नका. घंटी वाजवा, लाजू नका.

पणजीतल्या आल्तिन्होचा उतार आणि दिवाडीत पिएदादच्या टेकडीवरून खाली येणं, हे दोन जमल्याशिवाय चोर्ला किंवा अनमोड घाटात जाऊ नका. घाटात सतत ब्रेक घासत उतरल्याने रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्कचीही पकड कमी होते. वळणाआधी ठाम ब्रेक, मग सोडा. हात दुखायला लागले तर थांबा, हात झटका, रिमला गार होऊ द्या. धुक्यात मागचा दिवा दिवसाही लावा. चढताना गियर चढाच्या आधी हलका करा, पायावर पूर्ण जोर असताना चेन हलवली की ती खटकते नाहीतर उतरते. उभं राहून चढायचं असेल तर उठण्याआधी एक गियर जड करा. नाहीतर उठल्यावर पाय रिकामा फिरतो आणि सायकल मागून येणाऱ्याच्या चाकावर येते.

टप्पा ६: खड्डा, रंबलर, रूळ

खड्ड्यावरून उडी मारणं फार थोड्या वेळा लागतं. सायकल हलकी करता येणं रोज लागतं.

१. पेडलं आडवी, बूड सीटवरून वर, गुडघे-कोपर वाकलेले. रंबलरवर (रस्त्यावरच्या आडव्या उंचवट्यांवर) सगळ्यांनी एवढंच केलं तरी मनगटं वाचतील.

२. छोटा खड्डा चुकवता येत नसेल तर त्याच्या जरा आधी अंग खाली दाबा, मग वर या. त्याच क्षणी पुढचं चाक हातांनी उचला. लगेच वजन पुढे न्या म्हणजे मागचं चाकही हलकं होतं.

३. मैदानात पानं ठेवून सराव करा. मग दोरी. मग बारीक फांदी. विटेवर कुणी सुरुवात करू नये.

खड्ड्यात असताना ब्रेक दाबलेला नको. त्याच्या आधी लावा, आत सोडा. पावसाचं पाणी भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही, तो वळसा घालूनच पार करा, मागे बघून.

सासष्टी तालुक्यात चांदरसारख्या गावांत वास्को-कुळे रेल्वेमार्गाची फाटकं आहेत. रूळ जमेल तेवढे काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर अरुंद टायर रुळाच्या फटीत बसतो. ओले असतील तर रुळांवर ना ब्रेक, ना पेडल, ना वळण. फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर आणि जेटीच्या शेवाळलेल्या उतारावर सरळ उतरून चाला, कितीही चांगले सायकलस्वार असाल तरी.

टप्पा ७: पाय न टेकता उभं राहणं

सगळ्यांना हेच आधी हवं असतं. पहिला टप्पा झाला असेल तर अर्धं आधीच जमलेलं असतं.

इंग्रजी व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा चाक डावीकडे वळवायला सांगतात. ते ज्या देशांत उजवीकडून चालवतात तिथलं आहे. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डाव्या कडेला, म्हणून आपल्यासाठी चढ उजवीकडे. तेव्हा उजवा पाय पुढे, चाक उजवीकडे. चाक ज्या पायाकडे वळतं तोच पाय पुढे असला की बूटही चाकाला लागत नाही.

१. गवतावर, जिथे समोर जरासा चढ आहे तिथे या. मधला गियर.

२. सीटवरून उठा. उजवं पेडल आडव्यापेक्षा किंचित वर. चाक उजवीकडे, साधारण अर्ध्या काटकोनात.

३. पेडल दाबा, सायकल दोन बोटं पुढे जाते. सैल सोडा, चढामुळे तेवढीच मागे येते. एवढंच करत राहा.

४. उजवीकडे कलायला लागलात तर दाबा. डावीकडे कललात तर सोडा.

ब्रेक आवळून पुतळ्यासारखं उभं राहण्याचा प्रयत्न सगळे करतात, आणि म्हणूनच पडतात. तोल त्या दोन बोटांच्या हालचालीत आहे. रस्त्यावर करायला लागाल तेव्हा मागे चिकटून कुणी उभं नाही ना ते बघा, कारण सायकल मागे येते. आणि सिग्नल लांबला तर पाय टेका.

हात सोडून चालवणं या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. रेनकोट काढायचा असेल तर बाजूला थांबा.